ड्रमवालीची जागा

“बाळाला बघायला सगळे येतील. तुम्ही माझ्या पोरीला बघायला येत जा,” ड्रमवालीची आई म्हणाली होती. गायिकेने ते हसण्यावारी नेलं. “काकू, तिला काय धाड भरलीय?”

चौघी बायकांच्या त्या रॉक बँडची तऱ्हाच न्यारी. पायात गमबूट घालून वाजवायचं, आणि एखादी आली नाही तर तिचा भाग दुसरीने वाजवायचा नाही. तेवढा वेळ सगळ्यांनी गप्प उभं राहायचं. बाळंतपणानंतर ड्रमवाली येईनाशी झाली, तेव्हा तिघींनी तसेच कार्यक्रम केले. ती शांतता ऐकून जाणकार म्हणवणाऱ्यांनी माना डोलावल्या. एका दीडशहाण्याने तर ‘धाडसी प्रयोग’ म्हणून लेख लिहिला. गायिकेने तो ड्रमवालीला पाठवला, “बघ, तू न येताच गाजतेयस.”

“बरंय. मी नसले की सगळ्यांचंच छान चालतं,” तिचं उत्तर आलं. गायिकेने त्यावर हसरा चेहरा टाकला.

पुढच्या कार्यक्रमात तशीच शांतता पसरली असताना काकू तरातरा मंचावर आल्या. “काल माझी पोर जीव द्यायला निघाली होती. थोडक्यात वाचली. आणि तुम्ही इथे गप्प कसल्या उभ्या राहता गं? एकीलाही तिचं दार वाजवावंसं वाटलं नाही?” गायिकेच्या हातातला माइक गळून पडला.

 

सगळं सभागृह उठून उभं राहिलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रयोग आज भलताच रंगला होता.

तुमच्या ओळखीत कुणी बाळंतीण असेल, तर हे पुढे पाठवण्याआधी तिच्या घरी जाऊन या.