माकेमाकेच्या चंद्राचं बारसं

“दहा वरीस व्हयनात, आनि अजून नाव नही?” दोधू पाटलांनी कपबशी खाली ठेवली.

रंजिताने मान हलवली. ती पुण्याला एका संस्थेत ग्रहताऱ्यांचा अभ्यास करते. सुट्टीत शहाद्याला आली की वडिलांना त्यातलं काहीतरी सांगावं लागतं. यंदा तिने माकेमाके नावाचा बटुग्रह सांगितला. नेपच्यूनच्याही पलीकडे असतो. त्याला एक चंद्र आहे, अंधूक, कोळशासारखा काळा. सापडून दहा वर्षं झाली तरी कागदोपत्री नुसता नंबर.

“मग आपन ठेवूत,” पाटील म्हणाले. “बलाव तुन्ही फुईले.”

स्वयंपाकघरात रंजिताच्या आईच्या, शोभाबाईंच्या हातून लाटणं पडलं. फुई म्हणजे आत्या. पाटलांची थोरली बहीण मंगलाबाई, तळोद्याला दिलेली. रंजिताच्या भावाच्या, राजेंद्रच्या लग्नपत्रिकेत तिचं नाव चुलत बहिणीच्या खाली छापलं गेलं. पत्रिका पाटलांनी स्वतः तपासली होती. मंगलाबाई हळदीतून उठल्या आणि एसटी पकडून घरी गेल्या. त्याला तीन वर्षं झाली. बहीणभाऊ बोलत नव्हते.

“सख्खा पोऱ्यानं लगीन व्हतं तव्हय तिले मनावाले गयात नही,” शोभाबाई दारात येऊन नवऱ्याला म्हणाल्या, “आनि आते चांदनासाठे?”

“नाव फुईच ठेवस. मंग पोऱ्या शहादामा जलमो का आभायमा.”

“बाबा, पण त्याचे काही नियम...”

“नियम हाऊच शे. लाव फोन.”

फोन लावला रंजितानेच. तिने सगळं सांगितलं. मग मंगलाबाईंनी विचारलं, “दुसरा कोन्ही ठेवं तं चालाव नही का?”

“नही!” पाटील ओसरीवरूनच ओरडले. ते ऐकत नव्हते असं त्यांचं म्हणणं होतं.

रविवारी मंगलाबाई आल्या. पिशवीत नारळ होता, आणि सवयीने आणलेलं झबलं-टोपडंही. रंजिताने मोबाईलवर चंद्राचा फोटो दाखवला. एक ठिपका होता. मंगलाबाईंनी चष्मा पुसून तो नीट पाहिला.

“दोध्या, तू जलमना तव्हय असाच व्हता. काया.”

तीन वर्षांत भावाशी बोललेलं हे पहिलं वाक्य. एरवी पाटलांनी रंगावरून कुणाचं ऐकून घेतलं नसतं. आज ते उशी आणायला गेले.

मोबाईल झबल्यात गुंडाळून उशीवर ठेवला गेला. मंगलाबाई वाकल्या, स्क्रीनच्या कडेशी तोंड नेऊन त्यांनी “कुर्रर्र” केलं आणि नाव सांगितलं: भीमा. रीतीप्रमाणे शोभाबाईंनी आणि शेजारच्या अनुसयाबाईंनी त्यांच्या पाठीत बुक्के घातले. पुरुषांनी घालायची रीत नाही, तरी पाटलांनीही एक घातला. हात मात्र परत उचलला नाही, तिथेच पाठीवर राहू दिला. मंगलाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. बुक्का जरा जोरात बसला असावा.

संध्याकाळी स्टँडवर तळोद्याची गाडी हलली. “नाव पक्कं करजो रे दोध्या!” मंगलाबाई खिडकीतून ओरडल्या. पाटलांनी जोरजोरात मान हलवली.

रंजिताला राहवेना. “बाबा, नाव तो चंद्र शोधणारे सुचवतात. तळोद्याहून मागवत नाहीत. मी सांगत होते, तुम्ही बोलूच दिलं नाही.”

“माले ठाऊक व्हतं.”

“ठाऊक होतं? मग पावणेआठशे कोटी किलोमीटर लांबच्या चंद्राला मध्ये कशाला घातलं?”

गाडी वळणाआड जाईपर्यंत पाटील हात हलवत राहिले.

“माफी मांगानापेक्षा तो जवळ पडना, बेटा.”