चिंचोक्यांची अक्षरं

“पंतोजी, माझ्या पोराची अक्षरं तुम्ही उकिरड्यावर फेकलीत!” सदाशिव पेठेतल्या शाळेच्या ओसरीपुढे लेकाचा, विसूचा हात धरून सगुणाबाई कडाडली. शनिवारवाड्यावर नौबत झडत होती. तिच्या ओच्यात उकिरड्यावरून वेचून धुतलेले चिंचोके होते. लहानपणी तिचे वडील याच चिंचोक्यांची अक्षरं मांडत आणि तिचं बोट त्यांवरून फिरवत. एकदा ती चिंचोके भाजायला निघाली, तेव्हा ते हसून म्हणाले होते, “सगुणे, अक्षरं खाऊ नकोस गं!” वडील गेले, गुळगुळीत झालेले चिंचोके उरले. त्यांवरच तिनं चार वर्षांच्या विसूला घरी शिकवलं होतं आणि तेच घेऊन तो शाळेत आला होता. पंतोजी गुरगुरले, “बाईनं शिकवलेली अक्षरं विटाळलेली! आधी ती विसरू दे, मग पाठव.” सगुणाबाईनं ओसरीवर विसूकडून चिंचोक्यांचं ‘श्रीगणेशाय नमः’ मांडून घेतलं. पंतोजींचे हात नकळत जोडले गेले. ती म्हणाली, “यातलं कुठलं अक्षर विटाळलं, तेवढं बोट ठेवून दाखवा!”