इलेक्ट्रिकच हवी

लेकीला पहिली इलेक्ट्रिक गिटार घ्यायला आई दुकानात आली खरी, पण कुरकुरतच. घरात धडधाकट साधी गिटार होती, तरी लेकीने "इलेक्ट्रिकच हवी" असा धोशा लावला होता.

"हल्ली फार हट्टी झालीय," आई दुकानदाराला सांगत होती. "हाका मारून घसा कोरडा पडतो, पण ही ओ देईल तर शपथ. टीव्हीच्या आवाजावरून तर रोज खटके उडतात. काल चिडून मी रिमोटच लपवून ठेवला."

दुकानदार हसला. त्याने एक लाल गिटार स्पीकरला जोडून लेकीच्या हातात दिली. तिने आवाजाचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं आणि तारा छेडल्या. दुकानाच्या काचा थरथरल्या. दुकानदाराने दोन्ही कानांवर हात दाबले.

"अगं, बंद कर ते," आई मागून ओरडली. लेकीने वळूनही पाहिलं नाही. गिटारच्या लाकडाला गाल टेकवून तिने पुन्हा एकदा तारा छेडल्या, आणि मग पडलेल्या चेहऱ्याने ती आईकडे वळली.


"आई, हीपण आपल्या घरच्या गिटारसारखी हळूच वाजते गं."