वाटीतली मुंगी

जपानवर बॉम्ब पडल्यापासून सापगावात किरणांची धास्तीच बसली होती. त्यामुळे शहापूरच्या दवाखान्यात सुनेच्या बरगडीचा एक्स-रे काढताच धोंडीबाईने तान्ह्या नातवाला तिच्यापासून दूर नेलं. “किरण दुधात उतरलं असतील. पाजू नको गो!” पोर भुकेने रडून काळंनिळं झालं. डॉक्टरांनी वाटीत दूध काढायला लावलं, त्यात भिजवलेला कापूस काळ्या कागदात गुंडाळलेल्या फोटोच्या काचेवर ठेवला. “दुधात किरण असतील, तर काचेवर डाग पडेल. तासभर थांबा,” म्हणत ते काच घेऊन अंधाऱ्या खोलीत शिरले. तासभर? धोंडीबाई गावची सुईण. वाईट दुधात मुंगी मरते, एवढं तिला ठाऊक होतं. तिने वाटीत मुंगी सोडली आणि ती पाहत बसली. तासाभराने डॉक्टर हसत बाहेर आले. “काच स्वच्छ! पाजा.” धोंडीबाईने डोळे पुसले. “मुंगी कवाच बाहेर आली, डाक्तर. पोर पिऊन झोपलं.”