काचेआडचा काटा

"ओली हाय तवर भंडारा लावू नगं, पोरी. आमी मेंढरं धुतली की आधी वारा दावायचो," दसऱ्याच्या सकाळी आबाजींनी सुनेला सांगितलं होतं. स्वरूपानं डाळिंबाच्या फवारणीच्या पंपानं नवऱ्याची मोटारसायकल नुकतीच धुतली होती. "आबा, गाडी आहे ती, मेंढरू नव्हे," ती हसून म्हणाली आणि मूठभर भंडारा उधळला. शिवाय, दृष्ट लागू नये म्हणून, मीटरला वरून, खालून, मागून, बोट पोचेल तिथं चांगला चोळला.

चौथ्या दिवशी मीटरच्या काचेला आतून वाफ धरली. आठव्या दिवशी काटा दिसेनासा झाला.

तिचा नवरा मल्हार रोज पहाटे साडेपाचला वस्तीवरून निघायचा आणि सातच्या आत इंदापूरच्या दूध संकलन केंद्रावर हजर व्हायचा. कारखान्यांचा हंगाम सुरू झालेला. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या, मागं ना दिवा, ना लाल कापड. छकुली जन्मली त्या दिवशी त्यानं बायकोला शब्द दिला होता, काटा पन्नासच्या वर जाणार नाही. आता काटाच नव्हता. इंजिनाच्या आवाजावरून वेग कळतो, असं तो म्हणायचा. परवा मात्र पेट्रोलचा काटाही दिसला नाही आणि गाडी निम्म्या वाटेत, अंधारात बंद पडली. मागून आलेली ट्रॉली किती जवळून गेली हे त्यानं सांगितलं नाही. शर्टाच्या बाहीवरच्या पाचटाच्या ओरखड्यांनी ते सांगितलं.

बारामतीच्या मेकॅनिकचं म्हणणं, मीटर अख्खं बदलायचं आणि नवीन यायला पंधरा दिवस थांबायचं. पंधरा पहाटा. स्वरूपानं रविवारी सकाळी पाना आणि स्क्रू ड्रायव्हर मागून घेतला.

"बी.एस्सी.ला मीटर खोलायला शिकवतात व्हय?" मल्हारनं विचारलं. प्रत्येक वायरीचा मोबाईलवर फोटो काढत तिनं एकेक जोड सोडवला आणि मीटर ओट्यावर आणून ठेवलं. काच बाहेरून तीनदा पुसली. वाफ आत होती, हलली नाही.

आबाजी बाजेवरून बघत होते. "आत पाणी गेलं, त्याचं काय न्हाय," ते म्हणाले. "गेलेलं भाईर का येईना, ते बघ. त्याला वारा कुठनं लागतो?"

तिनं मीटर उलटं केलं. बुडाशी वारा खेळायला ठेवलेलं ज्वारीच्या दाण्याएवढं भोक होतं आणि ते पिवळ्या गिलाव्यानं लिंपल्यासारखं बंद होतं. भंडारा. तिच्याच बोटांनी, दृष्ट लागू नये म्हणून चोळलेला. मल्हारनं तो पाहिला, आबाजींनी पाहिला. तिनं सुईनं तो कण कण करून उकरून काढला.

मग ती स्टुलावर चढली आणि कपाटावरचा डबा काढला. या डब्यावरून घरात तिची फार चेष्टा व्हायची. नव्या चपलांच्या खोक्यांतल्या, पाण्याच्या बाटल्यांतल्या, औषधांच्या डब्यांतल्या ओल शोषणाऱ्या पांढऱ्या पुड्या, छकुलीनं तोंडात घालू नयेत म्हणून ती एक न चुकता वर लपवून ठेवायची. अडीच वर्षांत डबा काठोकाठ भरला होता. दुपारपर्यंत तिनं त्या पुड्या पत्र्यावर कडक उन्हात तापवल्या, छकुलीला कडेवरून खाली न उतरवता. मग पिठाच्या घट्ट झाकणाच्या बरणीत मीटर ठेवून चहूबाजूंनी पुड्या रचल्या आणि झाकण लावलं.

तीन वाजता वाफ काचेच्या कडांवरून सुटली होती. चार वाजता रुपयाएवढी उरली. पाचला काट्याचं टोक दिसलं, मग आकडे, मग सगळंच.

मीटर बसवून झाल्यावर मल्हारनं किल्ली फिरवली. पेट्रोलचा काटा उठून उभा राहिला. तरी तो म्हणाला, "आत्ता दिसतंय. पहाटेच्या गारठ्यात परत धरंल."

स्वरूपा आत गेली, फ्रिजमधली गार पाण्याची बाटली आणली आणि कोणी काही म्हणायच्या आत सगळी काचेवर ओतली. तिघंही वाकून बघत राहिले. पाणी ओघळून गेलं. काच तशीच, लख्ख. बाटलीच्या टोपणाशी खेळणारी छकुली तेवढी टाळ्या वाजवू लागली. मल्हारनं स्वतःचे कान धरले.

आबाजींनी भंडाऱ्याची पिशवी पुढं केली. "आता लाव. पर कोरडी होऊ दे," ते म्हणाले. आणि मिशीत हसत, "गाडी हाय ती. मेंढरू न्हवं."

तिनं पदरानं सगळी गाडी कोरडी केली. भंडारा लावला, तो फक्त हेडलाइटच्या वर, एका बोटानं.

सोमवारी पावणेसातला फोन वाजला. फोटो होता. लख्ख काचेआड वेगाचा काटा शून्यावर टेकलेला, पेट्रोलचा निम्म्यावर. खाली एकच शब्द: पोचलो. स्वरूपानं छकुलीला उचलून अंगणभर गरगर फिरवलं आणि तो फोटो आबाजींच्या डोळ्यांपुढं धरला, जणू निकालपत्रच.

तुमच्याही घरातून आज अंधारातच कोणीतरी निघालं असेल. पोचलं का, तेवढं विचारून घ्या.