मेलिऑइडोसिस

नवरा यशवंत वारून वीस दिवस झाल्यावर शेवंती त्याच्या रक्ताचा राहिलेला रिपोर्ट आणायला जिल्ह्याच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला आणि तिला समोर बसवलं.

"टीबी नव्हता तो. मेलिऑइडोसिस होता," त्या म्हणाल्या. "चिखलातल्या जंतूमुळे होतो. पायाला जखम असली तर तिथून शरीरात शिरतो. क्वचितच दिसतो, म्हणून आधी कुणाच्या लक्षात आला नसेल."

यशवंत पावसाळाभर लोकांच्या भातखाचरांत अनवाणी पॉवर टिलर चालवायचा. शेवंतीने तो शब्द मनात दोनदा म्हणून पाहिला. तिला तो जमला नाही.

"एकाचा दुसऱ्याला होतो?" तिने विचारलं.

"नाही. सहसा होतच नाही."

टीबी समजून शेवंतीने मुलीला सहा महिने बहिणीकडे ठेवलं होतं. मुलगी रविवारी यायची, तेव्हा बापलेकीने खिडकीतूनच बोलायचं, हा नियम तिनेच घातला होता. मुलगी अजून बहिणीकडेच होती.

परतीच्या एसटीत तिला रडू आलं नाही. बहिणीकडे जाऊन तिने बारा वर्षांच्या दीक्षाला सगळं जसंच्या तसं सांगितलं.

"म्हणजे मी बाबांजवळ बसले असते तरी चाललं असतं?"

"हो," शेवंती म्हणाली.

दीक्षा आत जाऊन आपले कपडे पिशवीत भरू लागली. शेवंतीला उठून तिला मदत करायची होती, पण ती बाहेर बसूनच तिच्याकडे बघत राहिली.