कडक चाप

"लष्कराने मोडीत काढलेली रायफल ही! चाप ओढता ओढता बोट मोडतं," अशी कुरकुर करत आर्लो दर हिवाळ्यात मोंटानाच्या डोंगरात एकटाच शिकारीला जायचा, आणि तरी हरणाचं मांस घेऊनच परतायचा. यंदा त्याच्या वाढदिवसाची गंमत म्हणून बायकोने, व्हर्नाने, रायफल गुपचूप बंदूकवाल्या लेस्टरकडे नेली.

लेस्टरने नळीत डोकावून पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"वहिनी, चापाचं राहू द्या. गंजू नये म्हणून लष्कराच्या गोदामात भरलेलं ग्रीस अजून नळीत तसंच थिजलंय. तिथून आल्यापासून हिच्यातून एकही गोळी सुटलेली नाही."

व्हर्नाने घरी येऊन फ्रीजर उघडला. मांसाच्या प्रत्येक पुडीवर लाल दोऱ्याची सुबक फुलगाठ होती.

आर्लोला फुलगाठ जमायची नाही; त्याच्या बुटाची नाडीसुद्धा रोज व्हर्नाच बांधून द्यायची.